डावा रेणू, उजवा रेणू आणि त्यांची हालचाल टिपणारा प्रकाश

सिहोरा आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या सगळ्या ताई, काकू, आजी आणि नव्या सुनबाईंनो, आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. विषय आहे औषधाच्या गोळीत असलेल्या बारीक कणांचा, म्हणजे रेणूंचा. रेणूंनाही डावा हात आणि उजवा हात असतो. ते सतत वळत, पिळत, थरथरत असतात. ही हालचाल इतकी झटपट असते की ती बघण्यासाठी शास्त्रज्ञांना प्रकाशाचाच कॅमेरा करावा लागला. विषय नवा वाटेल, पण त्याचा धागा आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत येतो.

सारखं दिसतं, पण एकावर एक बसत नाही

आधी डावं-उजवं म्हणजे काय ते पाहू. दोन्ही तळहात समोर धरा. बोटं पाच, अंगठा एक, लांबी सारखी. पण डावा हात उजव्या हातावर तसाच ठेवून बघा. अंगठे विरुद्ध बाजूला जातात. डावा हात आरशात धरला तर आरशात उजवा दिसतो. चपलेचंही तसंच. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातली तर चार पावलांत कळतं.

शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे आणखी लवकर कळेल. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मापाला सारख्या असतात, लांबी तीच, घेर तोच. पण बाहीचा पुढचा गोलावा मागच्यापेक्षा खोल कापलेला असतो. कापडाला सुलटी-उलटी बाजू असेल आणि दोन्ही बाह्या एकाच बाजूने ठेवून कापल्या, तर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. कापड तेच, माप तेच, तरी दुसरी बाही बसत नाही.

रेणूंचंही असंच आहे. अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू होतो. पुष्कळ रेणूंमध्ये कार्बनच्या एका अणूला चार वेगवेगळे गट चिकटलेले असतात. ते गट दोन प्रकारे लावता येतात, आणि एक मांडणी दुसरीची आरशातली प्रतिमा असते. अणू तेच, वजन तेच, पण एक डावा आणि एक उजवा. अशा रेणूंना शास्त्रज्ञ कायरल म्हणतात. हा शब्द हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. आपण त्याला डावं-उजवंपण म्हणू.

बाळंतशेपा आणि पुदिना

याचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. बाळंतिणीला आपण बाळंतशेपा देतो. चटणीत पुदिना घालतो. दोघांचा वास किती वेगळा! पण दोन्ही वासांमागचा मुख्य रेणू एकच आहे. त्याचं नाव कार्वोन. बाळंतशेपातलं कार्वोन एका हाताचं आणि पुदिन्यातलं दुसऱ्या हाताचं. दोन्हींत इतर सुगंधी तेलंही असतात, पण मोठा फरक या डाव्या-उजव्याचा. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या ज्या जागा आहेत, त्या स्वतःच एका हाताच्या आहेत. म्हणून डावा रेणू तिथे एका तऱ्हेने बसतो आणि उजवा दुसऱ्या तऱ्हेने.

आपलं सगळं शरीरच असं एका हाताचं आहे. मांस, केस, नखं, रक्त ज्या प्रथिनांचं बनतं, ती प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची असतात. आपल्या जिल्ह्यातल्या कोशाच्या रेशमाचंही तेच. तांदळातला स्टार्च मात्र उजव्या हाताच्या साखरेच्या माळेचा असतो. म्हणून शरीरात बाहेरून जे जातं, अन्न असो की औषध, ते कोणत्या हाताचं आहे याला महत्त्व आहे.

चिंचेचं आंबट आणि पाश्चरचा चिमटा

हे डावं-उजवंपण कळलं कसं? १८४८ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर नावाचा पंचविशीतला तरुण टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक तपासत होता. हे आम्ल द्राक्षाच्या दारूच्या पिंपात सापडतं. आपल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. पाश्चरला दिसलं की स्फटिक दोन तऱ्हांचे आहेत, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. आपण तांदळातले खडे निवडतो तसे त्याने भिंगाखाली चिमट्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले आणि दोन्ही वेगवेगळे पाण्यात विरघळवले.

मग त्यातून खास प्रकाश सोडला. साध्या प्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांना हलतात. विशिष्ट काचेतून गेल्यावर एकाच दिशेने हलणाऱ्या लाटा उरतात. असा प्रकाश एका ढिगाच्या पाण्यातून गेला तेव्हा त्याची दिशा उजवीकडे वळली, दुसऱ्या ढिगाच्या पाण्यातून गेला तेव्हा डावीकडे. स्फटिक विरघळले तरी डावं-उजवंपण राहिलं, म्हणजे ते रेणूंतच होतं.

ही युक्ती आजही रोज वापरली जाते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसात साखर किती, हे प्रकाश किती वळला यावरून मोजतात. त्या मोजमापाला कारखान्यातले लोक ‘पोल’ म्हणतात.

पुढे शास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती काढली. दोराला पीळ देतो तसा प्रकाशालाही पीळ देता येतो, डावा किंवा उजवा. कायरल रेणू यातला एक प्रकाश थोडा जास्त शोषतो, दुसरा थोडा कमी. फरक फार बारीक असतो, हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी. पण तो मोजला की रेणू कोणत्या हाताचा आणि कसा पिळलेला, ते कळतं.

रेणू दगडासारखा बसून राहत नाही

इथपर्यंतची गोष्ट थांबलेल्या रेणूची झाली. पण रेणू थांबत नाही. त्याचे हात ताणले जातात, आखडतात, पिळतात. त्याच्यावर प्रकाश पडला किंवा दुसरा रेणू आदळला की त्याचा आकार बदलतो. कधी डाव्याचा उजवाही होतो. हे नेमकं कोणत्या क्षणी, कोणत्या वळणाने होतं?

शंकरपटात बैलजोडी धावताना मोबाईलवर फोटो काढून बघा. बैलांचे पाय पुसट येतात, कारण कॅमेऱ्याची पापणी उघडून मिटेपर्यंत पाय पुढे गेलेले असतात. फोटो स्वच्छ हवा तर पापणी त्याहून लवकर मिटली पाहिजे. रेणूतल्या अणूंची थरथर साधारण १०० फेमटोसेकंदांच्या आसपासची असते. एक फेमटोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एक हजार अब्ज भाग केले आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार भाग केले, तर त्यातला एक. दुसऱ्या तऱ्हेने सांगते. एका सेकंदापुढे एक फेमटोसेकंद जितका लहान, तितकाच तीन कोटी वर्षांपुढे एक सेकंद लहान. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, पण १०० फेमटोसेकंदांत तो आपल्या केसाच्या जाडीइतकाही पुढे जात नाही.

इतक्या लवकर मिटणारी पापणी लोखंडाची किंवा काचेची करता येत नाही. म्हणून प्रकाशाचेच अगदी छोटे झोत वापरतात. हे काम लेसरचं. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत चालला. चार वर्षांनी, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निघाला. तो शोधणारे कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. तो लेसर आज कारखान्यात पत्रा कापायला आणि दवाखान्यात शस्त्रक्रियेला वापरतात. फेमटोसेकंदाचे झोत देणारे लेसर वेगळे, ते नंतर आले.

या छोट्या झोतांच्या कामात दोन बायांचं मोठं नाव आहे. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड यांनी विद्यार्थिनी असतानाच, १९८५ साली, आपल्या गुरूंसोबत एक रीत काढली. छोटा झोत आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि मग पुन्हा आखडायचा. त्यामुळे यंत्र न जळता फार जोरकस झोत मिळू लागले. त्यांना २०१८ साली नोबेल मिळालं. दुसऱ्या ॲन लुइलिए, स्वीडनमध्ये प्राध्यापक. त्यांनी याहूनही छोट्या झोतांचा पाया घातला आणि २०२३ साली नोबेलमध्ये वाटा मिळवला. फोन आला तेव्हा त्या वर्गात शिकवत होत्या. बातमी ऐकून त्या परत वर्गात गेल्या आणि तास पूर्ण केला.

दोन झोतांचा खेळ

आता हा प्रकाशाचा कॅमेरा कसा चालतो ते सांगते. लेसरच्या एका झोताचे दोन भाग करतात. पहिला झोत रेणूला धक्का देतो. दुसरा थोड्या वेळाने येऊन रेणू आता कसा आहे ते बघतो. ‘थोडा वेळ’ मोजायला घड्याळ चालत नाही, म्हणून दुसऱ्या झोताला लांबची वाट देतात. ती वाट ०.३ मिलिमीटर जास्त असेल तर तो १,००० फेमटोसेकंद उशिरा पोहोचतो. आरसे जरा जरा सरकवत, वेगवेगळ्या उशिरांनी, पुन्हा पुन्हा हाच खेळ करतात. मग सगळी चित्रं ओळीने लावली की रेणूची हालचाल सिनेमासारखी दिसते. इजिप्तमध्ये जन्मलेले अहमद झेवैल यांना अमेरिकेत केलेल्या या कामासाठी १९९९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या सिनेमात डावं-उजवं दिसायला हवं असेल तर दुसऱ्या झोताला पीळ द्यावा लागतो, एकदा डावा, एकदा उजवा, आणि दोन्हींतला फरक मोजावा लागतो. अवघडपणा इथे आहे. फरक आधीच हजारात एक भाग, त्यातही धक्क्यानंतर त्यात झालेला बदल आणखी बारीक. लेसरचा झोत जरा जरी कमी-जास्त झाला तरी तो बदल झाकला जातो. शिवाय प्रथिनांसारख्या जिवंत शरीरातल्या रेणूंचा ठसा अतिनील प्रकाशात उमटतो, जो डोळ्यांना दिसत नाही आणि सांभाळायलाही कठीण.

स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात माल्टे ओपरमान, मजेद शेर्गी आणि त्यांच्या सोबत्यांनी असं यंत्र बसवलं. जिनिव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी २०२२ साली एक काम छापलं. त्यांनी मधे लोखंडाचा अणू आणि भोवती तीन पाती असलेला, पंख्यासारखा रेणू घेतला. पाती डावीकडे किंवा उजवीकडे पिळलेली असतात. प्रकाशाचा धक्का बसला की हा रेणू फुगतो आणि पुन्हा मूळ रूपात येतो. आधी समजूत अशी की परत येताना तो सगळीकडून सारखाच आखडत येतो. पिळाच्या प्रकाशाने पाहिल्यावर दिसलं की तो पात्यांना पीळ देत परत येतो. मग त्यांनी त्या रेणूजवळ एकाच हाताचा दुसरा रेणू जोडीला बसवला. त्याने ती पिळण्याची वाट अडवली, आणि फुगलेलं रूप चौपट वेळ टिकलं. असे रेणू पुढे माहिती साठवणारी बारीक बटणं म्हणून वापरता येतील अशी आशा आहे. वाट कळली म्हणून ती अडवता आली.

आपल्या डोळ्यातही तेच

ही हालचाल फक्त प्रयोगशाळेत होत नाही. तुम्ही समोरचं बघता तेव्हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यावरच्या रेटिनल नावाच्या रेणूवर पडतो. तो वाकलेला असतो, प्रकाश लागताच सरळ होतो, आणि हे साधारण २०० फेमटोसेकंदांत होतं. तिथून संदेश मेंदूत जातो आणि आपल्याला दिसतं. रेटिनल एकटा असताना ना डावा ना उजवा. पण डोळ्यातल्या प्रथिनाच्या खोबणीत बसला की ते प्रथिन त्याला एका बाजूला पिळून ठेवतं. असा आधीच पिळलेला असल्यामुळे प्रकाश लागताच त्याला कुठे वळायचं ते ठरलेलं असतं.

हा रेटिनल जीवनसत्त्व अ पासून बनतो. अ कमी पडलं की रेटिनल कमी, आणि संध्याकाळी दिसेनासं होतं. यालाच आपण रातांधळेपणा म्हणतो. म्हणून बाळाला नवव्या महिन्यात आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस देतात. तो चुकवू नका. घरात शेवग्याचा पाला, पालक, पपई, अंडी असू द्या. गरोदर बाईला अंधुक दिसत असेल तर आशाताईला लगेच सांगा, पण जीवनसत्त्व अ च्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. गरोदरपणात त्या जास्त झाल्या तर बाळाला अपाय होतो.

गोळ्यांच्या डब्यातलं डावं-उजवं

आता औषधांकडे येते. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायांना उलट्या-मळमळीसाठीही ती दिली गेली. १९६१ च्या अखेरीस ती बंद झाली, तोवर अनेक देशांत मिळून दहा हजारांच्या आसपास मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या बाईंनी, कंपनीचा दबाव असताना, पुरावा अपुरा आहे म्हणून तिला परवानगी दिली नाही, आणि तिथली असंख्य बाळं वाचली.

थॅलिडोमाइडचा रेणू डावा आणि उजवा असा दोन्ही रूपांत असतो. घातकपणा एका रूपाकडे जास्त आहे असं मानलं जातं. मग चांगलं तेवढं निवडून का देऊ नये? कारण शरीरात गेल्यावर काही तासांत एक रूप दुसऱ्यात बदलतं. फक्त उजवं दिलं तरी पोटात गेल्यावर डावंही तयार होतं. थॅलिडोमाइडचा बदल तासांत होतो, म्हणून तो साध्या यंत्रांनीही मोजता येतो. रेणू कोणत्या हाताचा हे जसं महत्त्वाचं, तसंच तो त्याच हाताचा राहतो का, हेही.

आता औषधाच्या पाकिटावरचा ‘लेव्हो’ शब्द घ्या. लेव्हो म्हणजे डावा. सर्दी-खाजेची सिटीरिझिन गोळी डाव्या-उजव्याचं मिश्रण असते, मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम. लेव्होसिटीरिझिनमध्ये कामाचं रूप तेवढंच, म्हणून ५ मिलिग्रॅम पुरते. या दोन वेगवेगळ्या गोळ्या समजून एकाच वेळी घेऊ नका. औषध तेच आहे, आणि झोप जास्त येईल. आशाताईकडून मिळणाऱ्या ‘माला-एन’ गोळीतही लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे, म्हणजे पुन्हा कामाचं रूप तेवढंच. हातापायाच्या कंपाच्या आजारावरची लेव्होडोपाही तशीच. ती खाजकुइलीच्या बियांतही असते, पण म्हणून बिया घरी कुटून कोणाला देऊ नका. त्यात ती किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

एकाच हाताचा रेणू बनवणं सोपं नसतं. त्याच्या रीती शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००१ साली नोबेल मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा रेणूंवर अनेक वर्षे काम चालू आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये फेमटोसेकंदाच्या लेसरवर काम चालतं. गटातल्या ज्यांच्या मुली बारावी विज्ञानाला आहेत, त्यांना ही नावं सांगून ठेवा. बी.एस्सी. केलं म्हणजे फक्त शाळेत शिकवायचं, असं नाही.

पुढच्या बैठकीसाठी

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करा. एक, कोणीतरी बाळंतशेपा आणि पुदिना आणा, चुरगाळून वास घ्या आणि एकाच रेणूच्या दोन हातांची गोष्ट मुलींना सांगा. दोन, आपापल्या घरातली औषधांची पाकिटं आणा. ज्यांना वाचता येतं त्यांनी नावं मोठ्याने वाचा. सिटीरिझिन आणि लेव्होसिटीरिझिन दोन्ही घरात असतील तर वेगळ्या ठेवा आणि कोणती घ्यायची ते उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा. तीन, गटात गरोदर ताई असेल तर तिला स्पष्ट सांगा, शेजारणीला मानवलेली गोळीसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. नऊ महिन्यांत तिच्या पोटात जाणारी प्रत्येक गोळी बाळापर्यंत पोहोचू शकते.

रोवणीचे दिवस जवळ आले आहेत, बैठका मागे-पुढे होतील. पण पाकिटं वाचायचं काम घरी बसूनही होतं. ते आजच संध्याकाळी करा.